फासा, तक्ता आणि खतावणी : रॉबर्ट कूव्हरच्या बेसबॉल-कादंबरीतील मालकीचा प्रश्न

रॉबर्ट कूव्हर (१९३२–२०२४) या अमेरिकी कादंबरीकाराने १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या दुसऱ्या कादंबरीला दुकानाच्या पाटीसारखे शीर्षक दिले आहे : 'द युनिव्हर्सल बेसबॉल असोसिएशन, इन्कॉर्पोरेटेड, जे. हेन्री वॉ, प्रोप्रायटर'. मराठी मुलखातल्या पाट्यांवर मालकाच्या नावाआधी जे 'प्रोप्रा.' असते तेच येथे नावानंतर आले आहे, एवढाच फरक. समीक्षेने मात्र या पाटीवरच्या नावाचाच विचार अधिक केला. आद्याक्षरे आणि आडनाव जुळवून वाचली की हिब्रू परंपरेतील ईश्वराच्या 'यह्वे' या नावाचा ध्वनी उमटतो. लू एंगल या मित्राच्या नावात ल्यूसिफर आणि देवदूत दोघेही दडलेले आहेत. कचेरीतील वरिष्ठाचे झिफरब्लाट हे आडनाव म्हणजे जर्मन भाषेत घड्याळाची तबकडी. हेटी आयर्डन या स्त्रीच्या आडनावात 'मातीचे' या अर्थाचे जर्मन विशेषण आहे. सात प्रकरणांनंतर आठवे प्रकरण येते आणि त्यात निर्माता कोठेच दिसत नाही. एवढी सामग्री हाती आल्यावर ही सृष्टिकर्त्याची रूपककथा आहे हा निष्कर्ष जवळजवळ अटळ ठरतो. तो चुकीचा नाही. परंतु तो इतक्या सहज सापडतो की लेखकानेच तो वाचकाच्या वाटेत टाकून ठेवला असावा अशी शंका यावी. नावांची उकल संपल्यावरही एक प्रश्न शिल्लक राहतो, आणि तो पाटीवरच्या दुसऱ्या शब्दाचा आहे. जो खेळ फाशांच्या हवाली केला आहे, त्याचा मालक म्हणजे नेमका कोण?

वॉ हा छप्पन वर्षांचा, एकटा राहणारा हिशेबनीस. दिवसा तो दुसऱ्यांची खाती लिहितो आणि रात्री स्वयंपाकघरातील टेबलावर तीन फासे, काही तक्ते आणि नोंदवह्या मांडून बसतो. त्याने कल्पिलेल्या आठ संघांच्या लीगमधील प्रत्येक सामन्यातील प्रत्येक घटना फाशांच्या दानाने ठरते. खेळाडू वयात येतात, उताराला लागतात, निवृत्त होतात, मरतात. त्यांची मुले संघांत दाखल होतात. लीगला निवडून आलेला प्रमुख असतो, राजकीय पक्ष असतात, जुन्या खेळाडूंवर गाणी रचणारा सँडी शॉ नावाचा शाहीरही असतो. कादंबरी सुरू होते तेव्हा लीगचा छप्पन्नावा हंगाम चालू आहे, आणि क्रम न पाहता तीन फाशांच्या ज्या जोडण्या होतात त्याही बरोबर छप्पन्नच. पहिल्या पानावर यातले काहीच सांगितलेले नाही. डेमन रदरफर्ड नावाचा कोवळा पिचर, म्हणजे क्रिकेटमधल्या गोलंदाजाचा बेसबॉलमधला भाऊबंद, प्रतिपक्षाच्या एकाही खेळाडूला पहिल्या टप्प्यापर्यंत पोहोचू न देता सामना संपवण्याच्या बेतात आहे. मैदान गजबजलेले आहे, श्वास रोखलेले आहेत. मग वॉ जिना उतरून खालच्या दुकानात सँडविच आणायला जातो आणि वाचकाच्या ध्यानात येते की मैदान नव्हतेच. विशेष असे की हे कळल्यावरही सामन्यातील उत्कंठा उणावत नाही. कादंबरीचे पहिले यश येथे आहे.

हे साधले याचे एक कारण बेसबॉलच्या घडणीत आहे. या खेळात प्रत्येक चेंडू ही स्वतंत्र, मोजता येण्याजोगी घटना असते आणि तिचे श्रेय किंवा दोष एका व्यक्तीच्या खात्यावर मांडता येतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हेन्री चॅडविक या पत्रकाराने सामन्याच्या तक्तेवजा गोषवाऱ्याला जे रूप दिले त्यामुळे मैदानावर न गेलेला माणूसही वर्तमानपत्राच्या एका चौकोनातून सामना 'वाचू' लागला. सामना वाचता येतो हे एकदा ठरले की वाचण्यापुरताच सामना निर्माण करणे ही पुढची पायरी होते. १९५१ साली बाजारात आलेला 'एपीबीए' आणि १९६०च्या दशकारंभी आलेला 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' हे फासे व पत्ते यांवर चालणारे खेळ याच पायरीवर उभे आहेत. त्यांत खरे खेळाडू पत्त्यांवर उतरलेले असतात. वॉ याहून पुढे जातो, कारण त्याचे खेळाडूही कल्पित आहेत. या बाबतीत तो वाटतो तितका एकटा नाही. कादंबरीकार जॅक केरूअॅक याने लोवेल येथे पोरवयात अशीच एक खाजगी लीग रचली होती. तिच्या संघांना मोटारगाड्यांची नावे होती आणि ती त्याने प्रौढपणीही चालवली. तिचे कागद आता न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहेत.

वॉला प्रत्यक्ष मैदानावरचा बेसबॉल कंटाळवाणा वाटतो, हा तपशील रूपकवादी वाचनात सहसा सुटून जातो. त्याचा जीव खेळात नसून नोंदीत आहे. दिवसाची रोजकीर्द आणि रात्रीची खतावणी यांत त्याच्या मनाने फारसा फरक नाही. फरक आहे तो एवढाच, की रात्रीच्या खात्यांवर त्याला इतिहास लिहिता येतो. आकड्यांची नोंद झाली की तो 'ग्रंथा'त त्या आकड्यांची बखर लिहितो : मुलाखती, मृत्युलेख, तर्क, अफवा. कोणताही आकडा नावाशिवाय जिवंत होत नाही हे त्याला पक्के ठाऊक आहे, म्हणून नव्या खेळाडूचे नाव ठरवताना तो जितका विचार करतो तितका दुसऱ्या कशासाठीही करत नाही. रॉजे काय्वा याने १९५८ साली खेळांचे जे चार प्रकार सांगितले, स्पर्धा, दैव, सोंग आणि भोवळ, त्यांपैकी मैदानावरचा बेसबॉल पहिल्यात मोडतो. वॉच्या टेबलावर स्पर्धेचे दैवात रूपांतर होते आणि दैवाचे सोंगात. या दोन रूपांतरांमध्ये जो करार आहे तो असा : दैवाने दिलेले दान सोंगाने निमूटपणे स्वीकारावे. बखरकाराला घटनेचा अर्थ लावण्याचे संपूर्ण स्वातंत्र्य आहे, घटना बदलण्याचे मुळीच नाही.

या कराराची कसोटी डेमनच्या मृत्यूने लागते. एरवी क्वचितच उघडल्या जाणाऱ्या 'असाधारण घटनां'च्या तक्त्यापर्यंत खेळ पोहोचतो, तीन फाशांवर तिसऱ्यांदा लागोपाठ एक-एक-एक पडते, आणि तक्त्यावरील त्या दानापुढची ओळ सांगते की जॉक केसी या पिचरचा चेंडू डोक्यावर बसून फलंदाज जागीच ठार झाला आहे. फलंदाजीला त्या वेळी डेमन उभा आहे. तीन फाशांवर एक-एक-एक पडण्याची शक्यता २१६मध्ये एक. तसे सलग तीनदा घडण्याची शक्यता १,००,७७,६९६मध्ये एक. वॉ उन्मळून पडतो. कचेरीत तो रडतो, कामावरून त्याचे लक्ष उडते, रोजचे आयुष्य ढासळते. हा शोक हास्यास्पद आहे की खरा, या प्रश्नावर कादंबरी वाचकाला बराच काळ टांगून ठेवते. कल्पित माणसाच्या मृत्यूने रडणे यात नवल नाही. कादंबरीचा प्रत्येक वाचक ते करतो. पण वाचक ज्या मृत्यूने रडतो तो कोणीतरी लिहिलेला असतो. अॅना कारेनिनाच्या मरणामागे टॉलस्टॉय आहे, आणि म्हणून त्या मरणाला अर्थ आहे हे वाचकाने आधीच गृहीत धरलेले असते. डेमनचे मरण कोणालाच नको होते. ते कोणी रचले नाही, त्याने कोणताही आशय सिद्ध होत नाही. कल्पित असूनही ते वास्तवातील अपघातासारखे मुके आहे. वॉचा शोक याच मुकेपणावर आदळतो.

येथे मराठी वाचकाला महाभारतातील द्यूत आठवणे स्वाभाविक आहे, पण ती आठवण थोडी दिशाभूल करणारी आहे. युधिष्ठिर जे पणाला लावतो ते सारे फाशांच्या बाहेर आधीपासून अस्तित्वात असते : राज्य, भाऊ, पत्नी. वॉच्या टेबलावर फाशांच्या बाहेर काहीच नाही. जे हरायचे तेही फाशांनीच निर्माण केलेले असते. साम्य असलेच तर ते कपटाच्या शक्यतेपुरते, आणि ती शक्यता वॉच्या बाबतीत अधिक भयावह आहे, कारण समोर दुसरा खेळाडूच नाही. कपट केले तर ते कोणाशी?

परंतु फासे निरपराध आहेत हे मान्य करताना एक गोष्ट निसटते. तक्ता कोणी लिहिला? त्यावरील प्राणघातक चेंडूची ओळ वॉनेच आपल्या हाताने घातलेली आहे. ती घालण्यास आधारही होता. १६ ऑगस्ट १९२० रोजी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर यँकीज संघाच्या कार्ल मेझचा चेंडू क्लीव्हलंडच्या रे चॅपमनच्या डोक्याला लागला आणि दुसऱ्या दिवशी चॅपमन मरण पावला. अमेरिकेच्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये सामन्यात चेंडू लागून झालेला असा तो एकमेव मृत्यू आहे. जे एकदा घडले त्याला तक्त्यात जागा नाकारली तर खेळ वास्तवाशी प्रामाणिक राहत नाही. आणि जागा दिली तर ते केव्हातरी कोणाच्या तरी वाट्याला येणारच. वॉ प्रामाणिकपणासाठी जागा देतो. म्हणजे मृत्यू कोणाचा हे त्याने ठरवलेले नाही, परंतु मृत्यू असावा हे त्यानेच ठरवले आहे. कर्तृत्व फाशांच्या फेकीत शोधणारी समीक्षा ते येथे, तक्ता आखण्याच्या त्या विस्मृत संध्याकाळी, शोधत नाही, ही तिची मोठी उणीव होय. रूपककथेच्या भाषेतच बोलायचे तर ईश्वर फासे खेळतो की नाही हा प्रश्न दुय्यम आहे. तक्त्यात बालमृत्यूची ओळ कोणी घातली, हा मूळ प्रश्न.

यानंतर लूबरोबर खेळलेल्या रात्रीचे प्रकरण येते. वॉ प्रथमच आपल्या सृष्टीत दुसऱ्याला प्रवेश देतो. लूला त्यात गंमत दिसते, गांभीर्य दिसत नाही, आणि अखेर त्याच्या हातून सांडलेली बिअर कागदांवर पसरते. योहान हौझिंगाने १९३८ सालच्या 'होमो लूडेन्स'मध्ये रडीचा डाव खेळणारा आणि डाव मोडणारा यांत जो भेद केला आहे तो येथे नेमका उपयोगी पडतो. रडीचा डाव खेळणारा नियम पाळण्याचे ढोंग करतो, म्हणून वरवर का होईना खेळाचे जग मान्य करतो. डाव मोडणारा त्या जगाचाच आभास नाहीसा करतो. लू हा, मनात काही वाईट नसताना, डाव मोडणारा आहे. वॉपुढे त्यानंतर दोनच वाटा उरतात : सारे जाळून टाकावे, किंवा रडीचा डाव खेळून ते टिकवावे. निर्णायक दान तो फेकत नाही. तो फासे उचलतो आणि तिन्हींवर सहा येतील अशा रीतीने टेबलावर अलगद ठेवतो. डेमनचा जोडीदार रॉइस इंग्रम याने टोलवलेला चेंडू जॉक केसीचा प्राण घेतो. वॉला भडभडून उलटी होते.

फासे 'ठेवण्या'ची ही कृती म्हणजे पाप, यज्ञ की वेड, यावर पुष्कळ लिहिता येईल. पण वॉने येथे केले ते प्रत्येक कादंबरीकार रोज सकाळी करतो. पात्र मारायचे ठरवावे, योग्य ती घटना योजावी आणि ती जणू आपोआप घडली असे दाखवावे, हाच कथनाचा सर्वसामान्य व्यवहार आहे. ज्याला आपण कलेत रचना म्हणतो त्यालाच लीगमध्ये लबाडी म्हणतात. कूव्हरने हे जाणूनबुजून केले आहे, याची खूण कादंबरीच्या तळाशी आहे : डेमनला मारणारे एक-एक-एक तरी कोणी फेकले? कूव्हरने ते कागदावर 'ठेवले'. या कादंबरीतील एकही फासा फेकलेला नाही. कथन यदृच्छेचे वर्णन करू शकते, ती भोगू शकत नाही. वॉचा सारा अट्टहास ती भोगण्याचा आहे. त्याची कहाणी सांगणारी संहिता मात्र त्याच अट्टहासाला आरंभापासून अपुरी आहे. रोलां बार्थचा लेखकाच्या मृत्यूविषयीचा निबंध याच सुमाराचा. परंतु तेथे लेखक मरतो तो वाचकाच्या जन्मासाठी. येथे फाशांच्या आड लेखकपण टाळू पाहणारा एक हिशेबनीस शेवटी लेखक होतो, आणि तेथेच संपतो.

कादंबरीचा कच्चा भाग सांगितलाच पाहिजे. हेटी ही बहुतांशी वॉच्या कल्पनेला देह पुरवण्यासाठी आहे, आणि लीगच्या इतिहासात स्त्री येते ती मुख्यतः बलात्काराच्या विनोदी गाण्यातून. फॅनी मॅकॅफ्रीच्या खात्यावर कोणती नोंद आहे, हे त्या अनेक खंडांच्या 'ग्रंथा'ने कधी विचारलेले दिसत नाही. तक्ता आखणाऱ्याच्या जबाबदारीविषयी इतकी सूक्ष्म असलेली संहिता येथे स्वतःच्या तक्त्याकडे पाहत नाही.

वॉचे एकटेपण ही या कादंबरीची अट आहे असे १९६८ साली वाटणे साहजिक होते. ती अट नव्हती, हे पुढील काळाने दाखवले. १९९९ साली मार्कुस हाइन्झोन या जर्मन प्रोग्रॅमरचा 'आउट ऑफ द पार्क बेसबॉल' हा संगणकीय खेळ आला, आणि त्याच्या आधाराने इंटरनेटवर पूर्णतः कल्पित खेळाडूंच्या लीगा चालू लागल्या. त्यांत एकेका संघाची सूत्रे एकेका सभासदाकडे असतात. सभासद आपापल्या संघाचे निर्णय पाठवतात, आणि 'कमिशनर' म्हणवला जाणारा चालक ते एकत्र करून आपल्या यंत्रावर काही दिवसांचे सामने एका दमात घडवतो. फाशांची जागा यंत्राने काढलेल्या यादृच्छिक संख्यांनी घेतली. करार मात्र वॉचाच राहिला. नको असलेला निकाल आला तर चालकाला तोच आठवडा पुन्हा चालवता येतो आणि दुसरा निकाल मिळवता येतो. ते कोणाला कळेलच असे नाही. म्हणून अशा लीगांत सर्वांत कडवट वाद सामन्यांच्या निकालांवरून होत नाहीत. 'पुन्हा चालवणे' कोणत्या परिस्थितीत न्याय्य, यावरून होतात. चालक स्वतः एक संघ बाळगून असेल तर हा वाद अधिकच टोकदार होतो. वॉला जे पाप एकट्याने करून एकट्यानेच ओकावे लागले, त्याचे येथे घटनात्मक प्रश्नात रूपांतर झालेले आहे. हा कादंबरीच्या आशयाचा विस्तारच म्हटला पाहिजे, आणि त्याने एक गोष्ट उजेडात येते : विश्वास ठेवणारे दुसरे असले की फासे ठेवणे हा केवळ स्वतःशी केलेला द्रोह राहत नाही.

जुलै २०२० ते जून २०२३ या काळात चाललेल्या 'ब्लेसबॉल' या खेळाने हे टोक गाठले. 'द गेम बँड' या मंडळीने निर्माण केलेल्या या लीगचा हंगाम एका आठवड्याचा असे, सामने दर तासाला आपोआप होत, आणि प्रेक्षकांच्या हाती खोट्या नाण्यांच्या पैजा व आठवडाअखेरचे मतदान एवढेच असे. खेळाडूंची फक्त नावे व आकडे दिलेले होते. चेहरे, स्वभाव आणि चरित्रे प्रेक्षकांनी रचली. म्हणजे खतावणी चालकांची, बखर समुदायाची. पहिल्या हंगामाच्या शेवटी प्रेक्षकांनी एक निषिद्ध ग्रंथ उघडण्याचा कौल दिला आणि जेलिन हॉटडॉगफिंगर्स ही सिअॅटल गॅरेजेस संघाची पिचर जळून खाक झाली. त्यानंतर अन्य खेळाडूही अवचित जळू लागले. प्रेक्षकांनी शोक केला, तिच्या संघाच्या चाहत्यांनी गाणी रचून ध्वनिमुद्रित केली, आणि पुढे नियमांतील एक फट शोधून संगनमताने जेलिनला परत आणले. परतल्यावर तिचे चेंडू फलंदाजांच्या अंगावर बसू लागले, आणि ज्यांना ते लागत त्यांच्यावर जळण्याची टांगती तलवार येई.

डेमन आणि जॉक केसी यांच्या कहाणीशी याचे साम्य थक्क करणारे आहे, पण अधिक महत्त्वाचा आहे तो भेद. वॉ फासा ठेवतो तो सूडासाठी. हजारो प्रेक्षक नियमाला वळसा घालतात तो पुनरुत्थानासाठी. आणि तेथे त्यांच्या कृतीला उत्तर देणारा चालक जिवंत असतो : तो मेलेल्या पिचरला परत येऊ देतो, परंतु येण्याची किंमत तक्त्यात नव्याने लिहून ठेवतो. वॉ तक्त्यापुढे हतबल झाला कारण तक्ता आपलाच आहे हे तो विसरला होता. येथे ते कोणीच विसरलेले नाही, आणि तरीही जळालेल्या खेळाडूंसाठी झालेला शोक खोटा ठरत नाही. दैव आणि सोंग यांतील करार थोडा मोडून पुन्हा बांधता येतो, ही शक्यता कूव्हरच्या कादंबरीला दिसलेली नव्हती. त्याने पुढे ब्राउन विद्यापीठात संगणकीय, बहुवाटा संहितांच्या लेखनाचे जे अध्यापन केले आणि १९९२ साली ग्रंथांच्या अंताविषयी जो निबंध लिहिला, त्यांतून मात्र एकट्या मालकाच्या सत्तेविषयी त्याला वाटणारे असमाधान जाणवते.

आठवे प्रकरण या सगळ्याच्या पलीकडचे आहे. शंभराहून अधिक हंगाम लोटले आहेत. वॉ, स्वयंपाकघर, फासे, काहीच उरलेले नाही. उरली आहे ती लीग, आणि तिच्यात दरवर्षी साजरा होणारा 'डेमनचा दिवस'. नवे खेळाडू जुन्या खेळाडूंच्या भूमिका वठवतात. हार्डी इंग्रम डेमन होतो, पॉल ट्रेंच त्याच्या साथीदाराची जागा घेतो. या विधीत कोणी खरोखर मारला जाणार की नाही हे त्यांना ठाऊक नाही. कोणी म्हणतो, डेमन असा कोणी नव्हताच. कोणी म्हणतो, तो आणि केसी एकच होते. पंथ पडले आहेत, भाष्ये झाली आहेत. हिशेबाची नोंद येथे श्रुती होऊन बसली आहे. त्या नोंदीत दोन मृत्यू शेजारी शेजारी आहेत. एक फाशांनी दिलेला, एक हाताने ठेवलेला. दोन्हींपुढे तारीख आहे, डाव आहे, मारणाऱ्याचे व मेलेल्याचे नाव आहे. विद्वान दोहोंचा सारख्याच निष्ठेने अर्थ लावत बसले आहेत, आणि मैदानावर उन्हात उभ्या असलेल्या ट्रेंचसमोर चेंडू धरलेला आहे.